काचेवरचा शेंदूर

रावेर, १६ सप्टेंबर १९९१

चि. अभिमन,

तुझ्या ताईचा आणि माझा आशीर्वाद. पोरांना गोड पापा.

धुळ्याहून गाडी आणली त्याला आज आठ दिवस झाले. शेताच्या वाटेवर गाडीचं पोट आता घासत नाही, हे मान्य. काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून आमची पिकअप हत्तीसारखी डुलत जाते. तू लावलेले हे मोठे टायर बघायला गावातले चार जण येऊन गेले. फक्त तुझ्या ताईला आता पुढच्या सीटवर चढायला पाट ठेवावा लागतो. ती म्हणते, माझ्या भावानं गाडी बसायला दिली की माळ्यावर चढायला?

एकच कटकट. डोंगरसिंग तोंड वाकडं करून बसला आहे. अकरा वर्षं झाली तो माझ्याकडे. पाल गावाकडच्या पाड्यातला माणूस, अक्षरशत्रू. पण रावेर ते सावदा रस्त्यावर किलोमीटरचे दगड किती, कुठला वाकला, कुठल्याला रंग नाही, सगळं तोंडपाठ. तो म्हणतो, "नाना, काटा खोटा बोलस. गाडी पयस आन काटा निजस." म्हणजे गाडी जास्त पळते आणि काटा कमी दाखवतो म्हणे.

माझा नियम तुला ठाऊक आहे. मीटरचा काटा पन्नासच्या पुढे गेला की मी गाडीतून उतरतो. तेव्हा काट्यात काही खोट असेल तर कळव. तू मिस्त्री, तुझ्या शब्दापुढे तो गप्प बसेल.

तुझा,
सुकदेव

*

धुळे, २५ सप्टेंबर १९९१

ती. दाजींस,

अभिमनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पाट ताईला नाही, तुम्हाला लागत असणार. ताई अजून चिंचेवर चढेल.

दाजी, खोटं बोलायला काटा म्हणजे काय निवडणुकीला उभा राहिलेला माणूस आहे का? डोंगरसिंगला उंचीची सवय नाही. माणूस वर बसला की त्याला रस्ता वेगळा दिसतो. महिनाभरात सवय होईल. चढावर गाडी जरा सुस्त वाटली तरी घाबरू नका, मोठ्या चाकाची तीच तऱ्हा असते. गिअर एक खाली घ्यायचा.

तुमचे जुने टायर माझ्याकडेच पडून आहेत. विकू का ठेवू, कळवा. आणि यंदा केळीचा घड पाठवाल तर पिकलेला नको. मागच्या खेपेला पार्सल उघडलं तर आत नुसती शिकरण.

आपला,
अभिमन

*

रावेर, २३ ऑक्टोबर १९९१

चि. अभिमन,

आशीर्वाद. दसऱ्याचं सोनं इथूनच घे.

गाडीची क्लच प्लेट जळाली. सावद्याच्या फिटरनं उघडून दाखवली, काळी ठिक्कर. तो म्हणाला, ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतो. अकरा वर्षांत जे झालं नाही ते दीड महिन्यात झालं! मी डोंगरसिंगला चार लोकांत बोललो. तो खाली मान घालून म्हणाला, "गाडीले वझं व्हस नाना. चाक मोठं, जीव तोच." मी म्हटलं, वझं तुझ्या पायाचं.

आणि एक गंमत सांगतो. दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. तुझ्या ताईनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. मी आत डोकावतो तर या बाबानं मीटरच्या काचेवर शेंदूर ओढून ठेवलेला. दगडाला शेंदूर, झाडाला शेंदूर, आता मीटरलाही. म्हटलं, अरे बाबा, देव बाहेर, बॉनेटवर. इथं मला काटा दिसू दे. माझ्या उपरण्यानं मीच काच पुसली. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात लोक पेढे मागायला आले.

आता तक्रारीचं. हल्ली तो केळीची खेप उशिरा पोचवतो असं सावदा स्टेशनवरचे हमाल म्हणतात. मी एकदा मोटारसायकलनं मागे गेलो (तिचं मीटर बंदच आहे), गाडी थांबवून काटा कुठं ठेवतोस म्हणून विचारलं, तर त्यानं बोट ठेवलं पंचेचाळीसवर. मी पन्नासपर्यंत परवानगी दिली असताना पंचेचाळीस का? रेल्वेची वॅगन काय याच्यासाठी थांबणार आहे? तो पुन्हा तेच, दगडांचं. "दहा दगड व्हतस, मीटरना आकडा नऊच येळा फिरस." दगड सरकारनं लावले, मीटर कारखान्यानं बसवलं, आणि चुकीचं कोण, तर म्हणे मीटर!

दिवाळीनंतरच्या मोठ्या कापणीला मी स्वतः शेजारी बसणार आहे. बघतो कसा पन्नास घेत नाही. प्लेट तेवढी लवकर पाठव.

तुझा,
सुकदेव

*

धुळे, ३१ ऑक्टोबर १९९१

ती. दाजींस,

नमस्कार. प्लेट एस.टी.च्या पार्सलनं पाठवली आहे. ती ताईची भाऊबीज समजा, हिशेबाचं काही लिहू नका.

डोंगरसिंगला चार लोकांत बोलायला नको होतं असं मला वाटतं. क्लच नेहमी ड्रायव्हरच्याच पायानं जळतो असं नाही. आणि तो पंचेचाळीसनं चालवत असेल तर सध्या चालवू द्या. मीटरचं एक छोटं काम माझ्याकडून राहिलं आहे. विशेष काही नाही. एक लहानसा भाग मागवला आहे, तो आला की नोव्हेंबरअखेर मी येतो, अर्ध्या तासाचं काम. तोवर वॅगन चुकली तर चुकली.

ताईला सांगा, शेव मी केली तशी कुणी केली नसेल. बायको म्हणते, म्हणूनच कुणी खाल्ली नाही.

आपला,
अभिमन

*

रावेर, २१ नोव्हेंबर १९९१

अभिमन,

काय लिहू? आज तीन दिवसांनी लिहायला बसलो.

सोमवारी सकाळी सव्वानऊला आपल्या गाडीखाली एक बाई आली. विवरा गावाच्या अलीकडे नाल्यावर फरशी आहे ना, तो ठेंगणा पूल, तिथं. धुरपदाबाई तिचं नाव, पन्नाशीची, रोज चाऱ्याचा भारा घेऊन तिथून रस्ता ओलांडते. डोंगरसिंगनं ब्रेकवर उभा राहिल्यासारखा पाय दिला. गाडी घासत गेली, घासतच गेली. मागचे केळीचे घड कॅबिनवर येऊन आदळले. मी उतरलो तेव्हा भारा रस्त्यावर फुटला होता, आणि चाक तिच्या गुडघ्याखालच्या पायावर होतं. अभिमन, ती ओरडत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती.

जळगावला नेली. पाय कापला. जीव वाचला म्हणतात.

मागून ट्रक येत होता, त्याचा ड्रायव्हर धनसिंग म्हणून. त्यानं पोलिसांना सांगितलं, माझा काटा पंचावन्नवर होता आणि तरी पिकअप माझ्या पुढेच राहत होती. पंचावन्न! फौजदारांनी मला विचारलं, तुम्ही शेजारी होता, गाडी किती वेगात होती? मी सांगितलं, पहाटेपासून कापणीवर उभा होतो, माझा जरा डोळा लागला होता. त्यांनी ते लिहून घेतलं.

डोंगरसिंगला धरून नेलं. तो जळगावला जेलमध्ये आहे. त्याला जामीन राहायला त्या पाड्यातून कोण येणार? लोक मला म्हणाले, तुम्ही राहा. मी राहिलो नाही. ज्याला अकरा वर्षं घरातल्यासारखं वागवलं त्यानं मालकाचा डोळा लागला की गाडी पंचावन्नवर नेली, मग मी कशाला राहू? वरून पंचेचाळीसचं सोंग, आणि हे आतून! तुझं पत्र मिळालं होतं, पंचेचाळीसनं चालवू द्या म्हणून. मी हसलो होतो.

तुझी ताई दोन दिवस जेवली नाही. ती म्हणते, तो तसा नाही. मी म्हणतो, मग पाय कुणी कापला?

सुकदेव

*

धुळे, २६ नोव्हेंबर १९९१

दाजी,

तुमचं पत्र गॅरेजवर उभ्यानं वाचलं आणि शटर ओढून घेतलं. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारत होतं.

आधी एक सांगतो, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. डोंगरसिंग खरं बोलत होता. काटा खोटा होता, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मीटरची तार गिअर-बॉक्सातून निघते. ती फक्त फेरे मोजते. चाक केवढं आहे ते तिला कळत नाही. लहान चाकाच्या हिशेबानं कारखान्यानं आत दात्यांची एक बारीक चकती बसवलेली असते. चाक बदललं की ती चकती बदलायची असते. माझ्याकडे ती नव्हती. तुम्हाला त्याच दिवशी परतायचं होतं. मी म्हणालो होतो, न्या दाजी, काही होत नाही. सगळ्या गॅरेजसमोर माझी कॉलर ताठ होती, त्यात हे कुठं सांगू की काम अर्धं झालं आहे? मग तुम्ही विचारलंत तेव्हा मी पुढाऱ्याचा विनोद केला. तो विनोद आता मला पाठ झाला आहे, सारखा आठवतो.

तुमचा जुना टायर आणि गाडीला लावला तसाच एक मोठा टायर, दोन्हींना आज सुतळी गुंडाळून मोजलं. एका वितीचा फरक येतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी एक वीत जास्त पुढे जाते, आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. दहा किलोमीटर गेलात तर तो नऊ सांगणार. डोंगरसिंगच्या दगडांचा हिशेब बरोबर हाच होता. त्याला लिहिता येत नाही आणि मला डिप्लोमा आहे.

क्लचही त्याच्या पायानं जळाला नाही. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर जड पडतो, तिसऱ्याला चौथ्यासारखा. चढावर सगळं ओझं त्या प्लेटवर येतं. ब्रेकलाही मोठं चाक आवरायला जास्त जोर लागतो. मी हे सगळं जाणत होतो. प्लेट भाऊबीज म्हणून पाठवली ती लाजेनं पाठवली.

आता नीट वाचा. तुमच्या काट्याच्या पंचेचाळीसला गाडी खरी पन्नासनं पळते. काट्याच्या पन्नासला साडेपंचावन्न. धनसिंगनं सांगितलेला आकडा तोच आहे. म्हणजे गाडी पंचावन्नवर नेण्यासाठी डोंगरसिंगनं तुमचा नियम मोडलाच नाही. काटा पन्नासवर होता.

पण तो तर रोज पंचेचाळीसनं चालवायचा. मग त्या दिवशी त्यानं पन्नास का घेतले?

दाजी, मी लहान आहे, विचारू नये. तुमचा खरंच डोळा लागला होता का?

अभिमन

*

रावेर, ४ डिसेंबर १९९१

अभिमन,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. पहिले दोन दिवस तुला शिव्या दिल्या. गावात कुणी ऐकलं नसेल तर ते बहिरे. नंतर शिव्या संपल्या आणि तुझा शेवटचा प्रश्न उरला.

डोळा लागला नव्हता. मी टक्क जागा होतो, काट्याकडे बघत. काटा पंचेचाळीसवर होता. मी म्हणालो, घे पुढे. तो म्हणाला, "नाना, बस शे इतलं." मी म्हणालो, मालक तू की मी? काटा पन्नासवर घे. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाय दाबला. मला फार बरं वाटलं, अभिमन. आपलं ऐकलं म्हणून बरं वाटलं. त्यानंतर फरशी यायला दोन मिनिटं सुद्धा लागली नाहीत.

फौजदारांनी विचारलं तेव्हा जीभ आपोआप वळली. मला वाटलं, माझ्या देखत काटा पन्नासवर होता, तरी हा ट्रकवाला पंचावन्न सांगतो, म्हणजे मीच खोटा ठरणार. म्हणून डोळा लागला म्हणालो. एकदा बोललो, ते कागदावर गेलं, आणि मग माझाच त्यावर विश्वास बसत चालला. तुला लिहिताना तर मला ते जवळजवळ खरंच वाटत होतं.

परवा जळगावला जाऊन धुरपदाबाईला भेटलो. तिनं मला ओळखलं नाही. मी नुसता गावचा म्हणून बसलो. तिची जाऊ शेजारी होती. मी विचारलं, बाई, गाडी दिसली नव्हती का? ती म्हणाली, "दिखनी व्हती ना भाऊ. रोज दिखस. लिंबडाना झाडपासीन ती निंघनी का मी आरामशीर रस्ता वलांडी लेस. त्या दिन ती लवकर उनी." मग म्हणाली, चूक माझीच, मी पाय उचलायला हवा होता.

रोजच्या गाडीच्या अंदाजानं ती निघाली होती. रोजची गाडी म्हणजे डोंगरसिंगची, पंचेचाळीसची. मी शेजारी बसलो त्या दिवशी तिचा अंदाज चुकला. मी कोण ते तिला सांगून, हात जोडून उठलो. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

तिथून सरळ कोर्टात गेलो आणि डोंगरसिंगला जामीन राहिलो. जबाब बदलायचा आहे असं फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, नाना, विचार करा, खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरही येईल. म्हटलं, येऊ द्या. येत्या बुधवारी आर.टी.ओ.चे साहेब गाडी तपासणार आहेत. तुझं पत्र मी त्यांना देणार. तुझं नावही त्यात येईल, तेवढी तयारी ठेव.

सुकदेव

*

रावेर, १२ डिसेंबर १९९१

अभिमन,

तपासणी काल झाली. तुला साहेबांनी निरोप पाठवला आहे, सोमवारी ये.

पोलीस ठाण्याच्या आवारातून गाडी काढली. साहेब स्वतः चालवत होते, मी शेजारी, मागे हौद्यात जमादार आणि डोंगरसिंग, मधली खिडकी उघडी. हौद्यातली केळी कुजली होती, त्याचा वास कॅबिनमध्ये येत होता. पहिल्या दगडापाशी साहेबांनी मीटरचा आकडा लिहून घेतला. मी दगड मोजत होतो. इतकी वर्षं मी या रस्त्यानं जातो, पण मोजायची माझी ही पहिली वेळ. त्यापुढच्या दहाव्या दगडाला साहेबांनी गाडी थांबवली. मीटर नऊनंच पुढे सरकलं होतं. साहेब दोनदा वाकून बघून आले, दगडावरचा आकडा खराच आहे ना म्हणून.

मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं. म्हणाले, "हे लाल काय आहे?"

मीटरच्या काचेभोवती पितळी कडं असतं ना, त्याच्या खोबणीत शेंदराचा एक कण अडकून राहिला होता. मी लगेच म्हणालो, "दसऱ्याची पूजा, साहेब. हे लोक कशालाही लावतात."

डोंगरसिंग मागून म्हणाला, "पूजा नही साहेब. रेघ व्हती ती."

"कसली रेघ?"

"खरा पन्नास अठे शे. मी दगड मोजीसन लायेल व्हती. माले आकडा वाचता येस नही, म्हनीसन शेंदूर. काटा रेघपावत न्यावाना, पुढे नही."

साहेबांनी चष्मा काढून बघितलं. तो कण पंचेचाळीसच्या आकड्याच्या बरोबर वर होता. साहेब म्हणाले, "मी वीस वर्षं गाड्या तपासतो, असं कधी पाहिलं नाही. मग ही रेघ पुसली कुणी?"

अभिमन, तो गप्प राहिला. मला वाटलं, आता माझं नाव घेतो. मी आरशात त्याच्याकडे बघत होतो. तो बाहेर केळीच्या बागेकडे बघत बसला. जमादारानं त्याच्या खांद्याला धक्का दिला, अरे साहेब विचारताहेत. त्यानं माझ्या घरचं अकरा वर्षं खाल्लं होतं, तेवढ्यासाठी तो गप्प बसला असेल. किंवा मी काय करतो ते त्याला बघायचं असेल. मला कळलं नाही.

मीच म्हणालो. "मी पुसली, साहेब. या हातानं. आणि पन्नासवर घे म्हणणाराही मीच."

सगळं पुन्हा लिहून दिलं, सही केली. धुरपदाबाईचं जे काही करायचं ते जन्मभर माझ्या अंगावर आहे, तेही लिहून दिलं. पाय परत येत नाही, हे तिच्या जावेनं मला तोंडावर सांगितलं.

ठाण्याबाहेर मी डोंगरसिंगला म्हणालो, चल, घरी चल, तुझी ताईबाई वाट बघते आहे. तो म्हणाला, "मी यष्टीनं जास, नाना." पालची गाडी येईपर्यंत मी त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिलो. विचारलं, रेघ कशासाठी होती ते मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगी ऱ्हायंतू. तुम्ही पेढा वाटी ऱ्हायंतात." मग एस.टी. आली आणि तो चढला. मागे वळून त्यानं हात केला नाही.

ते उपरणं तुझ्या ताईनं दोनदा धुतलं. शेंदराचा डाग फिका झाला, पण गेला नाही. तिला कारण सांगितल्यावर तिनं ते तिसऱ्यांदा धुवायचं थांबवलं आणि घडी करून माझ्या उशाशी ठेवलं.

सोमवारी येताना जुने टायर घेऊन ये.

सुकदेव